आले हं, आई

वर्तुळ पुरं व्हायला चार बोटं उरली होती, तेवढ्यात मागून आवाज आला. टक, टक, टक.

"आले हं आई, आले," बाई म्हणाल्या. मोठा लाकडी कंपास त्यांनी फळ्याच्या कडेला टेकवला, हातावरचा खडू झटकला आणि दाराकडे तीन पावलं टाकलीसुद्धा. चौथं उचलता उचलता समोर दार दिसलं, दारावर डकवलेलं वेळापत्रक दिसलं, आणि आपण कुठे आहोत ते त्यांना कळलं.

त्या वळल्या. शेवटच्या बाकावरच्या मुलीच्या हातातली स्टीलची पट्टी अजून कंपासपेटीच्या वर अधांतरी होती. गंमत म्हणून वाजवलेल्या तीन ठोक्यांना असं उत्तर येईल हे तिलाही ठाऊक नव्हतं. नववी 'क' एकदम चूप झाली. त्रेचाळीस मुलंमुली, सतरा दिवसांत पहिल्यांदाच चूप.

मग कुणीतरी बारीक आवाज काढून म्हणालं, "ये हं बाळ, ये," आणि वर्ग जो फुटला तो घंटा होईपर्यंत आवरला नाही. बाई तीनदा "शांत बसा" म्हणाल्या. ते पहिल्या बाकापर्यंत पोचलं आणि तिथेच विरलं. फळ्यावरचं वर्तुळ चार बोटं उघडंच राहिलं.

बाईंचा आवाजच तसा होता. जन्मापासून नव्हता, झाला होता. शिक्षिकेची पदवी हातात पडली त्याच वर्षी आईची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मोठा भाऊ दूरच्या शहरात, त्याचा संसार वाढता. बाईंनी पदवीचा कागद कपाटात ठेवला आणि आईच्या खाटेजवळ स्टूल ओढलं. आजाऱ्याच्या खोलीत माणूस हळू बोलतं, हळू चालतं, भांडंसुद्धा जपून ठेवतं. तशी बारा वर्षं गेली. आई गेल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी तो कागद बाहेर काढला. वयाने शिक्षकांच्या खोलीतल्या निम्म्या लोकांपेक्षा मोठ्या आणि नोकरीत सगळ्यांत नव्या अशा त्या या शाळेत भूमिती शिकवायला आल्या. पहिलं सत्र नोकरी कच्ची, वर्ग सांभाळता आला तर पक्की. मुलांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव 'कुजबुजबाई' ठेवलं होतं. त्या दिवसापासून ते बदलून 'आलेबाई' झालं.

दुसऱ्या दिवशी त्या फळ्याकडे वळल्या मात्र, त्रेचाळीस कंपासपेट्या वाजल्या. टक, टक, टक. सगळ्यांचे मिळून तीनच ठोके, कवायतीसारखे. या मुलांना एका वेळी वही उघडायला सांगितलं तर जमत नसे, पण हे पहिल्याच फटक्यात जमलं.

"कोण वाजवतंय?" बाईंनी विचारलं.

"बाई, आई असेल," मागून उत्तर आलं.

शिक्षकांच्या खोलीत खेळाचे सर होते. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळी शाळा त्यांना शिट्टीसर म्हणे. माणूस मोठ्या मनाचा, सल्ला द्यायला तर फारच मोठ्या मनाचा.

"बाई, माझं ऐका. सव्वीस वर्षं या पोरांना पळवतोय मी. पहिली परीक्षा होईपर्यंत हसायचं नाही. वर्गाला पाठ दाखवायची नाही. आणि एकाला धरायचं. एकच. असा धरायचा की बाकीचे बेचाळीस आपोआप वहीत डोकं घालतात."

"पण सर, पाठ न करता फळ्यावर वर्तुळ कसं काढणार?"

सरांनी चहाचा घोट घेत विचार केला. "मग चौकोन शिकवा," ते म्हणाले.

बाईंना हसू आलं. पहिली परीक्षा झाली नव्हती, म्हणून त्यांनी ते आवरलं. सरांनी त्यांना एक जादा शिट्टी दिली. ती त्यांनी दोन दिवस पर्समध्ये बाळगली, तिसऱ्या दिवशी धीर करून वाजवली. नववी 'क' जागची हलली नाही. शेजारच्या वर्गातली सहावी मात्र खेळाचा तास लागला असं समजून मैदानावर पळाली आणि तिला गोळा करून आणण्यात दोन शिपाई आणि पाऊण तास खर्ची पडला. शिट्टी साभार परत गेली.

मग बाई खेकड्यासारख्या तिरक्या उभ्या राहून लिहायला शिकल्या. एक डोळा फळ्यावर, एक वर्गावर. रेषा वाकड्या यायच्या, आणि ठोके तरीही यायचेच.

घरी आलं की आवाज असा नव्हताच. चावी फिरली की तेवढाच. दोन खोल्या, आतल्या खोलीत आईची खाट, खाटेजवळ स्टूल, स्टुलावर स्टीलची वाटी आणि चमचा. वाचा गेल्यावर आई डाव्या हाताने त्या वाटीवर चमचा वाजवायची. एकदा वाजवला की पाणी हवं. दोनदा, की कूस बदलून दे. तीनदा, की काहीच नको, नुसतं ये. बारा वर्षांत त्या दोघींमध्ये हीच भाषा होती आणि तिच्यात भांडणंही होत. रागावली की आई एकच ठोका असा हाणायची की पाणी घेऊन येणाऱ्या बाईंना वाटीच पालथी झालेली सापडे.

रोज सकाळी शाळेला निघण्याआधी बाई ती वाटी घासायच्या, चमचा घासायच्या, वाटीत ताजं पाणी भरून स्टुलावर ठेवायच्या. एकदा अंगात मुरलेला नेम असा असतो. ज्याच्यासाठी धरला ते माणूस नसलं तरी हात आपली वेळ चुकवत नाहीत. त्याचं दुःख करावं असं बाईंना वाटत नसे, कुणाला सांगावं असंही नाही.

रविवारी संध्याकाळी दादाचा फोन यायचा.

"काय गं, कसं चाललंय?"

"चाललंय."

"पोरं ऐकतात का?"

"ऐकतात हळूहळू."

"कायम करतील ना?"

"बघू. मुख्याध्यापिका तास बघायला येणार आहेत."

दादाचा आवाज जरा मऊ झाला. "हे बघ, नाही जमलं तर लाजायचं काही कारण नाही. सरळ इकडे निघून ये. तुझ्या वहिनीच्या आईचं आता सगळं अंथरुणातच आहे. ठेवलेली माणसं टिकत नाहीत. तुला कसं, सवय आहे."

मागून वहिनी म्हणाली, "अहो, जबरदस्ती नका करू त्यांना. पण मागची खोली रिकामीच आहे, एवढं सांगा."

"सवय आहे," बाई म्हणाल्या. दादा वाईट नव्हता. सोय बघणारा होता. आईच्या वेळीही त्याने सोयच बघितली होती आणि ती सोय म्हणजे बाई होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी आरशात बघून मोठ्याने "शांत बसा!" म्हणून पाहिलं. आरशातली बाई दचकली. वर्ग दचकला नसता.

त्या आठवड्यात शनिवारी चाचणी होती. मुलं खाली माना घालून लिहीत होती. बाई फळ्यावर उरलेला वेळ लिहायला वळल्या. वीस मिनिटं. त्या तशाच थांबल्या, खडू फळ्याला टेकवून. मागून काहीच आलं नाही. पेनांची खरखर, कुणाची तरी शिंक. बाईंना चुकल्यासारखं झालं, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी तसं.

तेव्हा त्यांना कळलं की आपण वाट बघतोय. आपल्याला छळायला वाजवतात त्या ठोक्यांची. दिवसभरात, आठवडाभरात, आपल्याला कुणी बोलावतं ते एवढंच. बाईंना स्वतःची फार लाज वाटली. वळून त्यांनी आधी शेवटच्या बाकाकडे बघितलं.

तिथली मुलगी लिहीत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. वर्गात तिला सगळे 'रेडिओ' म्हणत, कारण ती बंद होत नसे. तास कुणाचाही असो, हिचं प्रसारण चालू. पहिले तीन ठोके तिचेच होते.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, त्यांना खोलीत बोलावलं. टेबलावर काच, काचेखाली वर्गांच्या याद्या.

"बसा. नववी 'क'मध्ये काय चालतं ते माझ्या खोलीपर्यंत ऐकू येतं. मी इथे बसून ताल धरायला लागलेय."

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"सुरुवात कुणी केली? नाव द्या. चार दिवस घरी बसवते, पालकांना बोलावते. एक गेला की सगळं थंड होतं."

"नाव माहीत आहे मला," बाई म्हणाल्या.

"मग सांगा."

"नाही सांगणार."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. त्यांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. या बाईंचं बोलणं तसंही निम्मंच ऐकू यायचं. "का?"

का ते बाईंना मांडता येईना. तिने मला बोलावलं आणि मी गेले, यात तिची चूक काय, असं काहीतरी मनात होतं. ते या काचेच्या टेबलावर ठेवण्यासारखं नव्हतं. "मूल आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

"मूल! चौदा वर्षांचं मूल मोठ्या माणसाला नाचवतं तेव्हा ते मूल नसतं, बाई. बरं. गुरुवारी तिसऱ्या तासाला मी येतेय. मागे बसेन. मला वर्ग शांत हवा. नसला तर सत्र संपल्यावर तुम्ही मोकळ्या. मला वाईट वाटेल, पण मी तसंच लिहीन."

बुधवारी शाळा सुटल्यावर रेडिओ वह्यांचा गठ्ठा घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. वह्या आणायची पाळी तिची होती. खोलीत बाई एकट्याच होत्या. तिने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि तिथेच घुटमळली.

"काय गं?"

"बाई, उद्या मोठ्या बाई येणारेत ना? खरंय का, की त्या तुम्हाला काढणारेत?"

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहितीये. शिपाईकाकांनी." मग वेणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "तुम्ही माझं नाव नाही सांगितलंत. का?"

"तुझ्याआधी मोठ्या बाईंनीही हेच विचारलं."

"मग त्यांना काय सांगितलं?"

"नीट सांगता आलं नाही."

रेडिओ जरा थांबली. तिच्या मानाने फारच थांबली. "बाई, एक विचारू? रागावणार नाही ना? तुम्ही त्या दिवशी 'आले हं आई' का म्हणालात?"

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं. बारा वर्षांत आणि त्यानंतरच्या एका वर्षात हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं. वाटी, चमचा, डावा हात. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस.

"मी तीन वाजवले होते," रेडिओ म्हणाली.

"हो."

"तीन म्हणजे काय?"

"तीन म्हणजे काही नाही. नुसतं ये, जवळ बस."

"मग तुम्ही बसायचात?"

"कधी बसायचे. कधी म्हणायचे, आई थांब, दूध उतू जाईल." बाई वह्यांच्या कडा सारख्या करत होत्या. "शेवटचे तीन वाजवले तेव्हा मी गच्चीत होते, कपडे वाळत घालत. खिडकी उघडी होती, ऐकू आलं. आले हं आई, आले, म्हटलं. बादलीत चारच कपडे राहिले होते. ते घातले आणि खाली गेले."

रेडिओने वेणीचं टोक सोडलं. "जाते बाई," म्हणाली, आणि जाताना दार इतक्या हलक्या हाताने लावून घेतलं की बाईंना ते लागल्याचं कळलंच नाही.

गुरुवारी तिसऱ्या तासाला मोठ्या बाई वही घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या. बाईंनी हजेरी घेतली. प्रत्येक नावाला एकेक उत्तर आलं, कुणी दुसऱ्याच्या नावाला ओ दिली नाही, कुणी बेडकाचा आवाज काढला नाही. हे वादळाआधीचं असणार, त्यांना वाटलं.

"आज वर्तुळाची स्पर्शिका," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. तो मोठा झाला नव्हता. मध्ये काही आडवं येत नव्हतं एवढंच.

त्यांनी मोठा लाकडी कंपास उचलला. हे तिरकं उभं राहून होण्यासारखं नव्हतं. त्या वर्गाकडे पूर्ण पाठ करून उभ्या राहिल्या, टोक रोवलं आणि खडू फिरवायला सुरुवात केली. पाव वर्तुळ. अर्धं. पाऊण. मानेवरची त्वचा ताठ झाली होती. आता येतील. आता.

आले नाहीत. वर्तुळ पुरं झालं.

बाई वळल्या आणि मुलांना वहीत आकृती काढायला सांगून रांगांमधून फिरू लागल्या. पहिल्या रांगेत एका मुलाची कंपासपेटी रुमालात गुंडाळलेली दिसली. त्यांना वाटलं, फुटली असेल. शेजारणीची स्कार्फमध्ये गुंडाळलेली होती. त्याच्या मागची एका पायमोज्यात कोंबलेली, आणि त्या मुलाच्या एका पायात मोजा नव्हता. पुढे जुन्या टॉवेलचा तुकडा, मफलर, कुणाच्या पेटीला नुसतेच वर्तमानपत्राचे चार पदर लावून दोरा बांधलेला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. चुकून पट्टी आपटली, हातातून पेटी निसटली, तरी धातूचा आवाज होऊ नये म्हणून. मुलं आतून कोनमापक काढत होती ते चोरासारखं, दोन बोटांनी.

बाई रेडिओच्या बाकापाशी पोचल्या. तिची पेटी लोकरी टोपीत होती, टोपीचे बंद गाठ मारून बांधलेले. ती मान वर न करता स्पर्शिका काढत होती, आणि ती चुकीची काढत होती. बाईंनी वाकून तिची पट्टी सरळ केली. शेजारी मोठ्या बाई आपल्या वहीत भराभर लिहीत होत्या.

तास संपल्यावर त्या म्हणाल्या, "वर्ग असा हवा. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. केलंत तरी काय?"

"काही नाही केलं."

"कुणाला धरलंत?" शिट्टीसरांनी दुपारी विचारलं. "मला सांगा, मी कुणाला सांगणार नाही."

"कुणालाच नाही, सर."

सरांनी अविश्वासाने मान हलवली. त्यांच्या सव्वीस वर्षांत असं घडलं नव्हतं. सत्र संपायच्या आधीच, आठवड्याने, कायम झाल्याचं पत्र आलं तेव्हा सगळ्यांत आधी त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

दादाला बाईंनी रविवारची वाट न बघता आपणहून फोन केला. "कायम झाले," त्या म्हणाल्या.

"अरे वा! छानच झालं." मग, "म्हणजे आता मागच्या खोलीचं..."

"ती दुसऱ्या कुणाला द्या, दादा." आपला आवाज स्पष्ट आला हे त्यांना जाणवलं. फोन ठेवल्यावर त्यांनी आतल्या खोलीतला दिवा लावला. वाटीतलं सकाळचं पाणी हललंही नव्हतं.

कंपासपेट्यांवरचे रुमाल पुढे दोन आठवडे तसेच राहिले. मुलांनी त्याविषयी एक शब्द काढला नाही. या वयाची मुलं चांगलं वागली तर ते चोरीसारखं लपवतात. शेवटी एका सोमवारी बाई म्हणाल्या, "ते रुमाल काढा आता. घरी नेऊन धुवा. केवढे मळलेत."

"बाई, आवाज होईल," पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला.

"होऊ दे."

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. सगळ्यांनी शेवटच्या बाकाकडे बघितलं. रेडिओने टोपीची गाठ सोडली, पेटी बाहेर काढली आणि बाकावर ठेवली. मग बाकीच्यांनीही काढल्या. त्रेचाळीस पेट्या उघड्या झाल्या, उन्हात चकाकल्या.

बाई फळ्याकडे वळल्या. कंपास उचलला, टोक रोवलं, खडू फिरवत नेला. चार बोटं उरली तिथे त्यांचा हात थांबला. पाठ वर्गाकडेच होती. मागे त्रेचाळीस जणांचा श्वास ऐकू येत होता, जिन्यावर कुणाची तरी पावलं, मैदानावर सरांची शिट्टी. बाई थांबल्या होत्या. मुलंही, बाईंना काही हवंय का हे न कळून, हात मांडीवर ठेवून थांबली होती.

मग त्यांनी उरलेलं वर्तुळ पुरं केलं आणि केंद्रबिंदूला नाव दिलं.